आफ्रिका, मार्गे भिगवण

मध्यमवर्गीय माणसाच्या सुटीचा इतिहास कोणी लिहायला घेतला, तर तो चार प्रकरणांत आटोपेल. पहिल्या प्रकरणात सुटी लागली की माणूस गावी जाई, आंबे खाई, विहिरीत डुंबे आणि लोणच्याची बरणी मांडीवर सांभाळीत परत येई. दुसऱ्या प्रकरणात तो महाबळेश्वर-माथेरानला जाऊ लागला आणि बरणीच्या जागी चिक्कीचे पुडे आले. तिसऱ्या प्रकरणात तो सहल कंपनीच्या बसमध्ये बसून सिंगापूरपासून स्वित्झर्लंडपर्यंत पोचला. तिथे बर्फापेक्षा सकाळी मिळालेल्या कांदेपोह्यांचेच त्याला अधिक कौतुक वाटले. चौथे प्रकरण सध्या आमच्या वसई-विरारच्या इमारतींतून लिहिले जात आहे. त्याचे नाव आफ्रिका.

आणि तीही कुणी हाताला धरून दाखवलेली आफ्रिका नव्हे. विमानतळाशी भाड्याची गाडी घ्यायची, टपावर तंबू बांधायचा, मागे दोन जादा चाके टाकायची आणि नवऱ्याने गाडी हाकीत, बायकोने नकाशा वाचीत, दोघांनी मिळून भांडत वाळवंटे आणि राखीव राने पालथी घालायची! नामिबिया हा देश या हौसेसाठी विशेष प्रसिद्ध आहे. आकाराने तो महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा. वस्ती मात्र २०२३ च्या जनगणनेत जेमतेम तीस लाख. आमच्या एकट्या वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत २०११ सालीच बारा लाखांवर माणसे होती, हे लक्षात घेतले म्हणजे तिथे गेलेल्या वसईकराला पहिले सुख कशाचे होत असेल, ते सांगणे न लगे. रस्ते बहुतेक खडीचे, गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवायची, आणि एटोशा नावाच्या रानात पाणवठ्याशी ती उभी करून हत्ती-जिराफांची वाट पाहत बसायचे. हे रान १९०७ साली राखले गेले. त्याच्या पोटात मिठाने पांढरे झालेले एक कोरडे तळे आहे. ते एकटेच ४,८०० चौरस किलोमीटरच्या आसपास भरते.

ही सारी माहिती मला घरबसल्या मिळाली. आमच्या इमारतीतले एक हौशी जोडपे असा प्रवास करून आले आणि त्यांनी गच्चीवर पडदा लावून साऱ्या सोसायटीला छायाचित्रे दाखवली. बटाटेवडे होते, त्यामुळे उपस्थिती चांगली होती. पडद्यावर पिवळे गवत, खुरटी काटेरी झाडे, धुळीचा लोट आणि क्षितिजापर्यंत पसरलेले रिकामे रान असे एकामागून एक येत होते. मंडळी 'वा, वा' म्हणत होती. तेवढ्यात माझ्या सासूबाई कानाशी लागून म्हणाल्या, "अगं, ही दोघं आमच्या करमाळ्याच्या माळावर कशाला गेली होती?"

"आई, ते नामिबिया आहे."

"असेल. पण बाभूळ तीच दिसतेय."

सासूबाईंचे माहेर करमाळा तालुक्यातले. लग्न होऊन वसईला आल्या त्याला पन्नासाहून अधिक वर्षे झाली, तरी पाऊस मुक्कामाला आला की त्या अजून म्हणतात, "हे पाणी आमच्याकडे दोन वर्षं पुरलं असतं." त्यांच्या त्या एका वाक्याने माझ्या डोक्यात किडा सोडला. इकडे ह्यांनी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर हिशेब करून पाहिला. उत्तर असे आले की आमच्या पगारात आफ्रिका बसते, पण चिरंजीवांचे शिक्षण उठते. तेव्हा गेल्या नाताळच्या सुटीत आम्ही सासूबाईंची आफ्रिका पाहायला निघालो. वाहन आमचेच, सारथी मी, आणि मार्ग कडबनवाडी, रेहेकुरी, करमाळा, नान्नज.

निघण्यापूर्वी मराठीच्या प्राध्यापिकेला शोभेल असा थोडा शब्दांचा अभ्यास केला. वाचकहो, आपल्या भाषेला कोरड्या गवताळ जमिनीचे फार वेड असले पाहिजे! नुसता 'माळ' घ्या. माळरान, माळावरचे गाव, माळावरची देवी. पाखरांतसुद्धा माळटिटवी आणि माळढोक. शिवाय कुरण निराळे, गायरान निराळे, पठार निराळे, मुरमाड निराळे. एकेका गवताला नाव आहे : पवन्या, मारवेल, कुसळी. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांना तिथे 'काही नाही' असे मुळीच वाटत नव्हते. पण त्याच भाषेत सरकारी दप्तरानेही काही शब्द रुजवले. जी जमीन सारा देत नाही ती 'पडीक', आणि सात-बाराच्या उताऱ्यावर जिथे नांगर चालत नाही तो 'पोटखराबा'. इंग्रजी अमलातल्या जमाबंदीने हा हिशेब पक्का केला, आणि २००० सालापासून देशातल्या पडीक जमिनींचे जे सरकारी नकाशे निघू लागले, त्यांतही झुडपी माळांचे मोठमोठे पट्टे याच सदरात पडले. म्हणजे एकाच जमिनीला गुराखी कुरण म्हणतो आणि कागद पडीक म्हणतो. कागदाच्या म्हणण्याला वजन अधिक, हे तुम्हां-आम्हांला ठाऊक आहेच.

पहाटे चारला वसई सोडली. घोडबंदरच्या कोंडीतून सुटका होईस्तोवर उजाडले, हेही रीतीला धरूनच झाले. गाडी मी चालवते. हे नकाशा पाहतात. म्हणजे फोनमधली बाई जे सांगते ते मला पुन्हा एकदा सांगतात. मागे सासूबाई दशम्यांचा डबा घेऊन आणि त्यांच्या शेजारी आमचे बारा वर्षांचे चिरंजीव दुर्बीण गळ्यात अडकवून. जंगली जनावरांच्या बाबतीत हे चिरंजीव स्वतःला अनुभवी समजतात. कारण २०२४ च्या मार्चअखेर वसईच्या किल्ल्यात एक बिबट्या येऊन राहिला होता. चिमाजी अप्पांना १७३९ साली जो किल्ला घ्यायला महिने लागले, तो या गड्याने एका रात्रीत घेतला आणि पिंजऱ्यात सापडेपर्यंत सुमारे पंचवीस दिवस राखला! आमच्या पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर आहेत; २००३ पासून ते अभयारण्य आहे. तेव्हा बिबट्या हा आम्हांला परका नाही. पण बिबट्या दाट झाडीचा. आम्हांला जायचे होते उघड्यावर राहणाऱ्यांकडे.

घाट चढून पुणे मागे टाकले आणि सोलापूर रस्त्याला लागलो की दोन तासांत देश बदलतो. सह्याद्री हा पुरातन जकातनाका आहे. अरबी समुद्रावरून आलेल्या ढगांकडून तो बहुतेक माल काढून घेतो. आम्हां वसईकरांच्या वाट्याला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस येतो आणि पलीकडच्या कर्जत-करमाळ्याला पाच-सहाशेवर समाधान मानावे लागते. एवढ्या पावसात दाट जंगल होत नाही, गवत होते. ते जंगल 'मेल्यामुळे' उरलेले गवत नव्हे, तर त्या हवेचे आणि त्या मातीचे ते स्वतःचे पीक आहे. आफ्रिकेतल्या गवताळ रानांना जग डोक्यावर घेते, त्यांचाच हा दख्खनी भाऊबंद.

भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी पाहायला आलेल्यांची झुंबड होती. आम्ही तिथे फक्त चहा घेतला आणि इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीकडे वळलो. कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातले शिर्सुफळ या दोन ठिकाणी पुण्याच्या वनखात्याने अलीकडे गवताळ रानाची सफर सुरू केली आहे. आगाऊ नोंदणी करायची आणि गावातला वाटाड्या बरोबर घेऊन ठरलेल्या वाटेने जायचे. आमचा वाटाड्या तिशीच्या आतला तरुण. गाडीत बसता बसताच त्याने बजावले, "ताई, गाडी सावकाश घ्या, वाट सोडू नका, अन् हॉर्न तर नाहीच." चालक बाई आहे याचे त्याला काहीच वाटले नाही, ह्यांना जे वाटले ते ते बोलले नाहीत.

पहिला अर्धा तास काहीच दिसले नाही. चिरंजीवांचा चेहरा उतरू लागला. वाघाच्या जंगलाची एक सोय असते : वाघ दिसला की पैसे फिटले आणि नाही दिसला तर नशीब खोटे. माळाचे तसे नाही. तिथे सारे समोरच असते आणि तरी दिसत नाही, कारण जो तो गवताच्या रंगाचा. डोळा बसायला वेळ लागतो. मग वाटाड्याने बोट दाखवले आणि जिथे दहा मिनिटे आम्ही मातीचे ढेकूळ पाहत होतो तिथे चिंकारा उभी होती. शेपटी सारखी हलते आहे आणि कान आमच्याकडे. तिच्यामागे आणखी दोन. मोकळ्या मुरमावर धाविक पक्ष्यांची जोडी तुरुतुरु धावे, थांबे, पुन्हा धावे. नावच धाविक! वर एक भोवत्या गवताला जवळजवळ घासून घिरट्या घालीत होता. हे पाहुणे हिवाळ्यात मध्य आशियाकडून येतात आणि आपल्या माळावरचे नाकतोडे-टोळ खाऊन शेतकऱ्याची फुकट चाकरी करतात. उन्हे कलल्यावर बिळाच्या तोंडाशी खोकड आले. काळ्या टोकाची झुबकेदार शेपटी, आणि आमच्याकडे पाहण्याची तऱ्हा अशी की पाहुणे आम्ही आहोत हे त्याला पक्के माहीत असावे.

"लांडगा?" चिरंजीवांनी विचारले.

"मेंढरं जिथं, तिथं तो," वाटाड्या म्हणाला.

मेंढरे दुसऱ्या दिवशी रेहेकुरीच्या वाटेवर भेटली. रस्ता पांढरा-काळा होऊन वाहत होता. मी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केले. धनगरदादा वयस्कर, सासूबाईंनी काच खाली करून चौकशी आरंभली आणि पाच मिनिटांत दोघांची गावे, पाहुणे, दुष्काळ सारे जुळले. लांडग्याबद्दल विचारले तर म्हणाला, "नेतो की वर्साला एकदोन. त्याचाबी वाटा हाय." जरा थांबून पुढे म्हणाला, "लांडगा परवडला, तारंचं कुंपन नाय परवडत. काल जितं चरलो तितं आज फाटक. मोकळं रान हाय, कुनाचंच नाय, म्हनत्यात. मग आमी कोन?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण त्याचा एक अर्थ नामिबियाने १९९६ साली कायद्यात उतरवला. तिथल्या गावकऱ्यांना संघटित होऊन आपल्या रानातल्या वन्य जनावरांवर आणि पर्यटनाच्या उत्पन्नावर हक्क सांगता येऊ लागला. परिणाम असा की जनावर जिवंत राहण्यात गावाचा फायदा दिसू लागला. कडबनवाडीच्या त्या तरुण वाटाड्याला मिळणारी रोजी ही त्याच वाटेवरची लहानशी पायरी आहे. पण वाटाड्याला रोजी मिळाली आणि धनगराचे चराऊ रान गेले, तर हिशेब पुरा झाला असे म्हणता येणार नाही. मेंढराच्या लेंडीने आणि खुराने माळ शतकानुशतके घडला आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे साल जगातल्या कुरणांचे आणि पशुपालकांचे वर्ष म्हणून जाहीर केले. त्या धनगरदादाला हे कुणी कळवले असेल, असे वाटत नाही.

रेहेकुरीचे अभयारण्य अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात आहे. हे नगर जिल्ह्याचे कर्जत. लोकलच्या कर्जतला उतरून कोणी शोधीत बसू नये! १९८० साली काळविटांसाठी ते राखले गेले. क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर. एटोशाच्या एका कोपऱ्यात हे कुठल्या कुठे हरवून जाईल. पण या चिमुकल्या रानात गाडी फाटकाशी ठेवून आम्ही चालू लागलो आणि काही पावलांतच कळप दिसला. तपकिरी माद्या, मधून उड्या घेणारी पाडसे, आणि थोडा अलग, मान मागे टाकून उभा असलेला नर. पाठ काळीभोर, पोट शुभ्र, शिंगांना पीळ. चिरंजीव हळूच म्हणाले, "आई, आपल्या शाळेच्या पुस्तकातलं हरीण खोटं होतं." मग कशाने तरी कळप उधळला. ते धावणे नव्हे. जमिनीला मधून मधून फक्त विचारणे!

हे एवढे वेगाने धावतात कुणापासून? आज या माळावर त्यांना वेगात गाठील असे जनावर उरलेले नाही. जे होते त्याचे नाव चित्ता. पुष्कळ मंडळी बिबट्यालाच चित्ता म्हणतात, म्हणून सांगते : चित्ता सडपातळ, डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळ्या आसवांची रेघ असलेला आणि उघड्या माळावर शिकार करणारा. आपल्या कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांना काळविटाच्या शिकारीला शिकवीत. ते काम करणारे ते चित्तेवान. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता गाडीवर बसवून कळपाजवळ नेत आणि टोपी काढून सोडीत. पण माणसाच्या बंदिवासात चित्ता सहसा वीत नाही. म्हणून दर पिढीला तो रानातून धरूनच आणावा लागे. रानातले धरता धरता इतके विरळ झाले, की विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूर आणि भावनगरच्या दरबारांना आफ्रिकेतून चित्ते मागवावे लागले. १९४७ साली कोरियाच्या राजाने, आजच्या छत्तीसगडमध्ये, तीन चित्ते मारले. त्यानंतर इथे चित्त्याची खात्रीची नोंद झाली नाही आणि १९५२ साली तो देशातून नाहीसा झाल्याचे सरकारने जाहीर केले. पुढे सत्तर वर्षांनी, १७ सप्टेंबर २०२२ रोजी, आठ चित्ते विमानाने मध्य प्रदेशातल्या कुनोत आणले. कुठून? नामिबियातून. फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. आमचे शेजारी चित्ता पाहायला नामिबियाला जातात आणि नामिबियाचा चित्ता माळ शोधीत आपल्याकडे येतो, असा हा देवाणघेवाणीचा मामला आहे.

करमाळ्याकडे जाताना सासूबाई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या आणि एकेक वळणाला म्हणत होत्या, "इथे माळ होता." दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि सोलापूर जिल्ह्याच्या पुष्कळ शिवारात पाणी खेळले. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, सुकडी खाऊन खडी फोडली, त्यांच्या दारी पाणी आले तर आपण वसईकरांनी भुवया उंचावू नयेत. मामंजींनी, म्हणजे सासूबाईंच्या भावाने, शेतात हुरड्याची आगटी लावली होती. शेंगांची चटणी, गूळ, दही आणि गरम हुरडा. अशा वेळी मी सहज म्हटले, "मामा, आम्ही माळढोक पाहायला नान्नजला जाणार आहोत." तर म्हातारा उसळला. "त्या पाखराचं नाव काढू नका! बहिणीच्या लग्नाला जमीन मोडायची म्हटली तर मोडता येईना. का, तर पाखराची हद्द!"

हा राग एकट्या मामांचा नाही, म्हणून त्यामागची हकिकत सांगते. सोलापूरच्या उत्तरेला नान्नजच्या माळावर माळढोक आहेत, याकडे सत्तरच्या दशकात पक्षिनिरीक्षकांनी लक्ष वेधले आणि १९७९ साली त्यांच्यासाठी अभयारण्य जाहीर झाले. कागदावर त्याचे क्षेत्र होते ८,४९६ चौरस किलोमीटर! दोन जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके, गावे, बाजारपेठा, ऊस, सारे त्यात. प्रत्यक्ष वनखात्याच्या हातातले माळ म्हणजे तुकडे-तुकडे. माणसांना जाच पुरेपूर झाला आणि पक्ष्याला जागा मिळाली नाही. २०१२ च्या सुमारास ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले. पण तोवर गावकऱ्यांच्या मनात पाखराबद्दल अढी बसली होती. ज्याचा जाच होतो त्याच्या जाण्याचे दुःख कोण करणार?

रात्री जेवणानंतर सासूबाई मात्र भावाला म्हणाल्या, "तुला आठवतंय का रे? आपण त्याला माळढोक नव्हतो म्हणत. हूम म्हणायचो." मग माझ्याकडे वळून सांगू लागल्या. पहिला पाऊस झाला, की पहाटे माळावरून आवाज येई. खोल, घुमारा भरलेल्या रांजणासारखा. हूम... हूम. त्यांची आई जात्यावरून म्हणे, "हूम बोलला, आता तिफण बाहेर काढा." मामा बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, "बोलायचा खरा."

मी शब्दकोशांशी रोज झगडणारी बाई; पण हा शब्द मी पक्ष्यांच्या पुस्तकात वाचला होता तेव्हा ते एक पर्यायी नाव वाटले होते. करमाळ्याच्या ओट्यावर कळले की ते नाव म्हणजे त्या पक्ष्याचा आवाजच आहे. विणीच्या दिवसांत नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो, तो हा हूम.

नान्नजला आम्ही सकाळी पोचलो. हे गाव सोलापूर-बार्शी रस्त्यावर आहे. गवत कमरेएवढे, उन्हात पितळेसारखे. काळवीट दिसले, भोवत्या दिसले, चंडोल आभाळात टांगल्यासारखा गात होता. माळढोक दिसला नाही. दिसेल अशी आशाही नव्हती. अलीकडच्या गणनांत इथे एखादा दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी येते. हा पक्षी उभा राहिला तर मीटरभर उंच. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, उडणाऱ्या पक्ष्यांत त्याची गणना जगातल्या अतिवजनदारांत होते. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. ते कुत्र्याने खाल्ले की ते वर्ष वाया. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे समोरची विजेची तार त्याला वेळेवर दिसत नाही आणि दिसली तरी एवढे धूड चटकन वळवता येत नाही. शिकार, नांगर, तारा आणि मोकाट कुत्री यांनी त्याला चारी बाजूंनी घेरले. आपल्या सदिच्छेनेही घेरले. उघड्या माळावर रांगेने झाडे लावली की आपल्याला पुण्य लागते, पण दूरवर नजर ठेवून जगणाऱ्या पक्ष्याची नजरच त्या झाडांनी अडते. आता साऱ्या देशात मिळून दीडशेच्या आसपास उरले असावेत, तेही बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे. तिथे सम येथे २०१९ पासून अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचा खटाटोप चालला आहे. १९६३ साली मोर राष्ट्रीय पक्षी झाला, त्याआधी सलीम अलींनी हा मान माळढोकला मिळावा असे सुचवले होते.

सासूबाई गाडीतून उतरल्या, डोक्यावरचा पदर कानांमागे सारला आणि माळाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. डिसेंबरात तो बोलत नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते. तरी त्या ऐकत होत्या. चिरंजीवही दुर्बीण खाली सोडून त्यांच्या शेजारी उभे राहिले. कोणी काही बोलले नाही.

वाचकहो, माझे म्हणणे एवढेच आहे. चित्ता गेला तेव्हा दार ठोठवायला आफ्रिका होती. कोल्हापूरकरांनी ते शंभर वर्षांपूर्वी ठोठावले, दिल्लीने २०२२ साली ठोठावले, दोन्ही वेळा कुणी नाही म्हटले नाही. माळढोक आपल्याखेरीज असलाच तर पाकिस्तानात मूठभर आहे. तो संपला तर कुठल्या देशात विमान पाठवणार? आणि माळ संपला तर तो आणणार तरी कुठे सोडायला? नामिबियाला जाऊ नका असे मी म्हणत नाही. ऐपत असेल त्यांनी अवश्य जावे. मलाही पुढेमागे जायचे आहे. पण लाखो रुपये देऊन पिवळे गवत पाहून येणाऱ्या माणसाने पुणे-सोलापूर रस्त्यावर काच वर करून 'इथे काहीच नाही, सगळं पडीक' असे म्हणू नये, एवढी अपेक्षा आहे. ज्याला आपण काही नाही म्हणतो, ते गेले तरी कळत नाही.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. दिवाळीपासून माघापर्यंत जावे; गवत पिकलेले असते आणि ऊन सोसते. सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर रानात असावे. पाणी भरपूर, कपडे मातकट रंगाचे. पायमोजे जाड, कारण कुसळी तुमच्याबरोबर वसईपर्यंत येते आणि धुलाईत निघत नाही. गाडीने वाट सोडू नये, काळविटामागे धावू नये, गाणी लावू नयेत. सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य मोरगावच्या गणपतीजवळच आहे. अष्टविनायकाला जाणाऱ्यांनी दोन तास काढले तर देवदर्शनाबरोबर चिंकाराही होईल.

आणि शेवटची गोष्ट : गाडीत त्या मुलखातले एक म्हातारे माणूस जरूर घ्या, मग भले पाठीला उशी द्यावी लागो आणि दर तासाला चहाला थांबावे लागो. रस्त्याचा नकाशा फोनमध्ये मिळतो. माळाची नावे मात्र त्यांच्याजवळ आहेत, आणि ती विचारून घ्यायला आपल्याला फार सुट्या उरलेल्या नाहीत.